सोनटक्का आणि सातपाटीची मावशी

सरावलीत बिऱ्हाड मांडलं तेव्हा मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर ओलीचा. माझं माहेर आणि सासर, दोन्ही दुष्काळी माण तालुक्यातलं. भांडी राखेनं घासून नुसती पुसून घेणारी आम्ही माणसं. इथं मीठ बरणीत पाझरायचं, काडी ओढली की तिचं गूल निघून यायचं, आणि मोरीतून बाहेर पडलेलं पाणी कुठं जायचंच नाही. घराच्या मागं भिंतीला लागून बारमाही चिखलाचा एक तुकडा होता. तिकडं बघितलं की मला वाटायचं, काहीतरी वाया चाललंय आणि त्याचा दोष शेवटी माझ्यावरच येणार आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचे हे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्यासारख्याच कामगारांच्या खोल्यांची एक रांग होती, त्यात आमची एक. शेजारी बिहारकडचं एक कुटुंब. ती बाई हिंदी बोलायची, मी मराठी, आणि दोघी हातवाऱ्यांवर निभावून न्यायचो. दिवसभर बोलायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून मावशी आली की मला बरं वाटायचं.

मावशी म्हणजे सातपाटीची मासळीवाली. सकाळी एस.टी.नं पालघर, तिथून शटल गाडीनं बोईसर, आणि मग डोक्यावर टोपली घेऊन पायी सरावलीत. अंगानं काटक, कपाळावर हिरवं गोंदण, केसांत काहीतरी माळलेलं. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिनंही माझं विचारलं नाही. ती मला ‘गो बाय’ म्हणायची आणि मी तिला ‘मावशी’.

पहिल्यांदा तिच्याकडून ओले बोंबील घेतले आणि मटणासारखे तासभर शिजवले. झाकण काढलं तर आत नुसता रस्सा. बोंबील गेले कुठे तेच कळेना. ह्यांनी पळी फिरवून पाहिलं आणि विचारलं, “मांजर आलं होतं का?” पुढच्या खेपेला मी मावशीला सांगितलं, तर तिनं टोपली खाली ठेवली आणि दारातच बसून पोट धरधरून हसली. मग मला शिकवलं. दगडाखाली दाबून पाणी काढायचं, कढईत टाकलं की दोन उकळ्या, बास.

त्याच हिवाळ्यात तिनं मला एक गड्डा दिला. मासळीच्या फडक्याच्या कोपऱ्यात बांधून आणला होता. आल्यासारखा दिसणारा, बोटं फुटलेला, मातीनं माखलेला.

“माहीमच्या वाडीतना आनलाय,” ती म्हणाली. “तुझ्यासाठीच.”

मला वाटलं मुंबईचं माहीम. मुंबईच्या माहीमला आल्याच्या वाड्या असतात का, या विचारात मी पडले, आणि पुढं ती जे भराभर बोलली त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. तिचं माहीम म्हणजे केळव्याच्या शेजारचं, केळी आणि नागवेलीच्या वाड्यांचं, हे मला नंतर कधीतरी समजलं. त्या दिवशी मी गड्डा धुतला, अर्धा मोडला आणि संध्याकाळच्या चहात ठेचून घातला.

हे एक घोट पिऊन थांबले. “चहात अत्तर घातलंस का?”

“आलं आहे.”

“हे आलं नव्हे,” ते म्हणाले आणि बशी सरकवली.

मावशीला सांगितल्यावर ती पुन्हा हसली, पण या वेळी कपाळाला हातही लावला. “अगो, सोनटक्का हाय तो! फुलाचं झाड. चहात घातलास? ऱ्हायलेला तरी लाव. आनि पानी कमी करू नको. त्याचे पाय पान्यात पायजेत.”

पाय पाण्यात पाहिजेत! आमच्याकडं पाण्यात पाय राहिले की पीक कुजतं. कांदा कुजतो, हळद कुजते. मला वाटलं, बाई समुद्राकाठची आहे, तिला झाडामाडातलं काय कळणार? मी डालड्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, तळाला वाळू घातली, वर माती घातली आणि उरलेला अर्धा गड्डा त्यात लावून डबा पुढच्या ओट्यावर, उन्हात ठेवला. आमच्या पद्धतीनं, जपून, ओंजळभर पाणी.

कोंब आला. मला फार आनंद झाला. मग पान उघडलं आणि त्याचं टोक तपकिरी झालं. दुसरं उघडलं, त्याचंही तसंच. उन्हाळा सुरू झाला होता.

एक दिवस मावशी आली तेव्हा मी डबा तिच्यापुढं आणला. “मावशी, हे असं का होतंय?”

तिनं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. “कसलं झाड हाय हे?”

मला वाटलं थट्टा करतेय. “अहो, तुम्हीच दिलेलं.”

“असंल,” ती म्हणाली आणि कोळंबीवरचा बर्फ बाजूला करू लागली. “देऊ का कोलबी? ताजी हाय.”

मी कोळंबी घेतली. ती गेल्यावर मात्र बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. आपण काही लागेलसं बोललो का? माझं देशावरचं मराठी तिला कळलं नाही का? का देणाऱ्याला दिलेलं आठवतच नाही?

आणि पुढच्या खेपेला हीच मावशी दारातून ओरडली, “गो बाय, अजून डब्यात ठेवलास? कोरडा मारशील त्याला! मागं मोरीचं पानी साचतं ना, थितं लाव.”

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. मग डबा मागं नेला, उपडा केला आणि सगळा गड्डा मुळासकट त्या चिखलात दाबला. तिनंच पायानं माती सारखी केली.

तिथं तो खरंच वाढला. पहिल्या पावसाळ्यात माझ्या कमरेएवढा झाला. लांब, रुंद, दोन्ही बाजूंनी ओळीनं लागलेली पानं, खालून मऊ. मोरीचं पाणी बाहेर आलं की ती पानं जरा हलायची. चिखलाचा राग येणं माझं कमी झालं, पण फूल काही येईना. ह्यांचं म्हणणं, साबणाच्या पाण्यामुळं. शेजारीणबाई म्हणायची, हवेतल्या वासामुळं. कारखान्यांकडून वारा आला की तिच्या तुळशीचीही पानं गळायची. नाक्यापलीकडचा नाला तर कधी विटकरी, कधी पिवळा वाहायचा, त्यामुळं तेही खरं वाटायचं. मला प्रत्येकाचं पटायचं आणि काय करावं ते समजायचं नाही.

दसऱ्याच्या सुमारास मावशी मागच्या दारी आली. झाडाकडं बघून तिनं नाक मुरडलं. “केवढं माजलंय हे. साप येतील. काप समदं.”

“सगळं?”

“जमिनीबरोबर काप. मी सांगते ना.”

मी विळा घेतला आणि कापलं. जिवावर आलं होतं, पण झाड तिचं, सांगणारी ती. दोन दिवसांनी ती पुन्हा आली, मागं डोकावली आणि तिच्या हातातली टोपली कलंडता कलंडता राहिली.

“अगो! कोनी कापला?”

“मी.”

“का? हिरवागार दांडा कोन कापतं? फुलून गेलेला दांडा तेवढा काढायचा असतो. कोनी सांगितलं तुला?”

“तुम्ही.”

“मी?”

“परवा, इथंच उभ्या राहून. साप येतील म्हणालात.”

ती एकदम गप्प झाली. तोंड फिरवलं, टोपली डोक्यावर घेतली आणि मासळी न देताच निघाली. मी तिच्या मागं दोन पावलं गेले, मग थांबले. शेजारीणबाई दारात उभी होती. तिनं भुवया उंचावून विचारलं, “क्या हुआ?” मला हिंदीत काय, मराठीतसुद्धा सांगता आलं नसतं.

रात्री जेवताना ह्यांना म्हटलं, “मला काहीतरी होतंय. माणसं जे बोलली नाहीत ते मला ऐकू येतंय.”

ते हसले नाहीत. “इथलं पाणी मानवलं नाही तुला. थोडे दिवस माहेरी जाऊन ये.” त्यांचा तो गंभीर चेहरा पाहून मला जास्तच भीती वाटली. त्यानंतर मी मनातल्या मनात खुणा ठेवू लागले. आज मावशी काय बोलली, कुठं बसली, हसली की नाही. पण त्यानं गोंधळ वाढलाच. एके दिवशी ती सगळी चौकशी करायची, दारात बसून पाणी प्यायची. दुसऱ्या वेळी बसायचीच नाही, भाव सांगितला की झालं. शेवटी मी ठरवलं, बाई लहरी आहे. समुद्रावरचं आयुष्य, घरी काय काय असेल, कोण जाणे.

कापलेल्या जागी कोंब पुन्हा आले.

पुढच्या चैत्रात आई माझ्याकडं यायची होती. तिनं समुद्र पाहिला नव्हता. मी मावशीला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं की आई आली की तुमच्या सातपाटीला घेऊन येईन. “आन की,” ती म्हणाली होती, “होडी दाखवू तिला.”

आई आली नाही, तार आली. आम्ही गावी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तेरावा करून मी परतले तेव्हा घरात शिरावंसंही वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मावशी आली. माझा चेहरा पाहूनच तिनं टोपली बाहेर ओट्यावर ठेवली, वर फडकं घट्ट बांधलं आणि आत येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसली. मी सांगितलं. ती जवळ सरकली. माझा हात धरून बसून राहिली. तिच्या हाताला मासळीचा वास होता आणि मला तो नकोसा वाटला नाही. उठताना म्हणाली, “आज चूल नको पेटवू. शेजारनीला मी सांगते.” आणि खरंच तिनं शेजारीणबाईला जाऊन सांगितलं, कुठल्या भाषेत कोण जाणे. दुपारी तिकडून ताट आलं.

त्याच आठवड्यात ती पुन्हा आली. दारात उभी राहून, चांगली तोंडभर हसून तिनं विचारलं, “काय गो, आय येनार होती ना तुझी? आली नाय अजून?”

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. तिथं चेष्टा नव्हती, दुष्टपणा नव्हता, काहीच नव्हतं. नुसती विचारपूस. मी दार लावून घेतलं. बाहेरून तिनं एकदा हाक मारली, “गो बाय?” मग पावलं लांब गेली.

त्यानंतर ती एकदा येऊन गेली. मी दार उघडलं नाही. कोण आलं होतं आणि काय म्हणत होतं, तेही पाहिलं नाही. पुढं पावसाळा लागला, होड्या बंद झाल्या आणि ती यायचीच थांबली.

श्रावण संपता संपता मागच्या चिखलात सोनटक्का फुलला. संध्याकाळी मी भांडी घासायला बसले होते. वास आला. आधी वाटलं शेजारी कुणी उदबत्ती लावली. मग वळून पाहिलं तर दांड्याच्या टोकाला, हिरव्या कणसासारख्या कोंबातून, एक पांढरं फूल बाहेर आलं होतं. फुलपाखरू पंख पसरून बसावं तसं. पाकळी इतकी पातळ की बोट लावायची भीती वाटावी. उगाचच मी मोठ्यानं म्हणाले, “आलं!” आणि लगेच रडू आलं. आनंद झाला होता का आईची आठवण झाली होती का त्या बाईचा राग आला होता, मला वेगळं काढता येईना.

शेजारीणबाई धावत आली आणि फुलाकडं बघून हरखली. “अरे भाभी, ये तो दोलनचंपा है! हमारे यहाँ गुलबकावली भी बोलते हैं।” तिनं ते फूल मागून घेतलं, नाकाशी धरलं आणि पदरानं डोळे पुसले. तिचं गाव किती लांब होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. मी चिखलातल्या एका झाडासमोर उभी होते, त्याला तीन नावं होती, आणि ज्या बाईनं ते दिलं तिला आपण ते दिल्याचं कधी आठवायचं, कधी नाही.

नारळी पौर्णिमेलाच होड्या समुद्रात गेल्या होत्या. नाक्यावर ताजी मासळी दिसू लागली. मावशी आली नाही. गणपती आले, गेले. मी दर दिवशी वाट पाहायची आणि आली तर दार उघडायचं की नाही, हे काही ठरायचं नाही. शेवटी एका सकाळी कळ्यांनी भरलेले चारदोन दांडे कापले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि ह्यांना म्हटलं, “मी सातपाटीला जाऊन येते.”

“कुणाकडं?”

“मावशीकडं.”

“नाव काय तिचं?”

मी फडक्याची गाठ आवळली. त्यांनी मान हलवली. “जाऊन ये,” म्हणाले. माझ्या तब्येतीच्या काळजीपोटीच त्यांनी मला अडवलं नाही, असं मला आजही वाटतं.

पालघरहून एस.टी.नं सातपाटीला उतरले आणि चक्रावले. जिकडं बघावं तिकडं मावश्याच. तसंच लुगडं, तसंच गोंदण, तशाच टोपल्या. बांबूंच्या मांडवांवर बोंबील टांगून वाळत घातलेले, त्यांच्या खालून बायका वाकून ये-जा करत होत्या. मी एकीला विचारलं, “बोईसरला मासळी घेऊन येतात त्या मावशी कुठं राहतात?”

“कंची मावशी? हितं समद्या मावश्याच हाय.” बाजूच्या बायका हसल्या.

“सरावलीत येतात. काटक आहेत. कपाळावर गोंदण.” मी बोलता बोलताच कळत होतं की या वर्णनात निम्मं गाव बसतं. फडकं उघडून फुलं दाखवली. “त्यांनी मला सोनटक्का दिला होता.”

एक म्हातारी पुढं आली. “सरावलीची वाट तर त्यांचीच. थोरली पायजे का धाकटी?”

“मला मावशी पाहिजेत,” मी म्हणाले. अजूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

म्हातारीनं मला दोन गल्ल्या फिरवून एका कौलारू घरापुढं उभं केलं आणि हाक मारली. ओसरीत बसून जाळं नीट करणारी बाई उठून पुढं आली. मावशी! मी पायरी चढले. तेवढ्यात आतल्या दारातून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, आणखी एक मावशी बाहेर आली.

मी पायरीवरच बसले.

त्या जुळ्या होत्या. सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा, कारण दोन भावांना दिल्या होत्या. कपाळावरचं गोंदणही एकाच दिवशी, एकाच बाईनं काढलेलं. सरावलीची वाट सासूनं दोघींत वाटून दिली होती: एका खेपेला एक बोईसरला, दुसरी पालघरच्या बाजारात, पुढच्या खेपेला उलट. गिऱ्हाइकांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण विचारलंच कुणी नव्हतं.

तांब्या घेतलेली थोरली होती. अंगानं उतरलेली, डोळे पिवळे. पावसात तिला कावीळ झाली होती आणि पालघरचा बाजार एकट्या धाकटीवर पडला होता, म्हणून दोघींचंही बोईसरला येणं थांबलं होतं. तिनं माझ्यासमोर पाणी ठेवलं. “तू हितं कशी गो?”

मी तिच्याकडं बघून विचारलं, “सोनटक्का तुम्ही दिलात?”

“मीच.”

मग दुसरीकडं वळले. “आणि कापायला तुम्ही सांगितलंत?”

“मी सांगितलं. मला काय ठावं, ते लावलेलं झाड हाय म्हनून? रान वाटलं मला.” धाकटीचा आवाज तापलेला होता. “आनि तू माझ्या तोंडावर दार का लावलंस, ते सांग आधी. मी काय केलं तुझं?”

“तुम्ही विचारलंत, आई आली नाही का.”

“मग? तूच बोललीस ना, आय येनार हाय?”

“माझी आई गेली होती,” मी म्हणाले. “तुमच्या बहिणीला सांगितलं होतं मी. मला वाटलं तुम्हालाच सांगितलंय.”

धाकटीच्या हातातलं जाळं खाली सरकलं. तिनं बहिणीकडं पाहिलं नाही, माझ्याकडं बघूनच ती म्हणाली, “हिला इचार, मला का नाय सांगितलं.”

मी गोंधळून थोरलीकडं पाहिलं. तीही माझ्याकडंच बघून म्हणाली, “तिला सांग, दोन पावसाळे तू माझ्याशी बोलत नाय, मी कोनाला सांगू?”

असं होतं तर. दोन भावांची होडी एक होती. ती कुणाच्या ताब्यात राहायची यावरून भाऊ भांडले, वेगळे झाले, आणि बायकांनी आपापल्या नवऱ्याची बाजू धरून एकमेकींशी अबोला धरला. घर एकच, चुली दोन, पाण्याचा माठ एक. मासळीची वाट सासूच्या शब्दामुळं सामाईक राहिली, पण त्या वाटेवर कोण काय बोललं, कुणाचं काय दुखलं, हे एकीचं दुसरीपर्यंत पोचतच नव्हतं. झाड कापायला ‘तुम्हीच सांगितलंत’ म्हटल्यावर थोरली गप्प झाली ती एवढ्यासाठीच. आपली बहीण येऊन गेली हे तिला तिथंच कळलं होतं. पण तिचं नाव तोंडातून काढायचं नाही, असं ठरलेलं.

“मला वेड लागलंय असं वाटत होतं,” मी म्हणाले.

दोघीही एकदम पुढं आल्या. एकीनं माझा खांदा धरला, दुसरीनं डोक्यावर हात ठेवला, आणि त्यांची डोकी एकमेकींना लागली तशा दोघी मागं सरल्या.

मग धाकटी माझ्यापुढं बसली. “तुझी आय गेली आनि मी हसत इचारलं,” ती म्हणाली. “असं कोन करतं का गो?” तिनं गालांवर हात मारून घेतले. मी म्हटलं, तुम्हाला माहीत नव्हतं. पण तिला ते ऐकायचंच नव्हतं. रडत रडतच ती म्हणाली, “आमची आय गेली तवा आमी दोघी एका चादरीत झोपलो होतो. हिला इचार.”

थोरली म्हणाली, “मला आठवतं, सांग तिला.”

मी सांगितलं. म्हणजे हातभर अंतरावर बसलेल्या बहिणीला दुसरीचं वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. मला हसावं की काय तेही कळत नव्हतं. असं बराच वेळ चाललं. होडीचं, नवऱ्यांचं, मिठाच्या उसनवारीचं, कुणाच्या तरी बारशाला न बोलावल्याचं. प्रत्येक गोष्ट माझ्यातून इकडून तिकडं जात होती. म्हातारी सासू आतून खोकत होती, पण बाहेर आली नाही.

उन्हं उतरली तशी फडक्यातल्या कळ्या उमलायला लागल्या. वास दरवळला. मी फुलं काढली आणि अडचणीत पडले. आणली होती एका मावशीसाठी. दोन वाटे केले आणि दोघींपुढं ठेवले. दोघींनी आपापल्या केसांत माळली. धाकटीनं घाईनं खोचली, त्यातलं एक फूल कानामागं लोंबत राहिलं.

“तिला सांग,” थोरली मला म्हणाली, “फूल पडतंय.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात ती स्वतःच उठली. बहिणीच्या मागं जाऊन बसली, फूल काढलं, अंबाडा सोडला, पुन्हा बांधला आणि फूल नीट खोचलं. धाकटी मान खाली घालून बसली होती. बोलल्या नाहीत. मी निघाले तेव्हाही थोरलीचा हात तिच्या पाठीवर मायेनं ठेवलेला होता की नुसता टेकलेला होता, ते मला सांगता येणार नाही.

त्या बोलू लागल्या का? हो, लागल्या असाव्यात. कार्तिकात धाकटी की थोरली, कोण जाणे, दारात आली आणि म्हणाली, “बहिनीनं सांगितलंय, दांडे काढ आता, फुलून गेलेले.” मी तिला हाताला धरून विचारलं, “तुम्ही कोणत्या?” तर ती म्हणाली, “तुला काय वाटतं?” पुढं हा खेळच झाला. कधी खरं सांगायच्या, कधी खोटं. कधी मधी दोघी मिळूनही यायच्या आणि शेजारीणबाईलाही ओट्यावर ओढायच्या. मी त्यांना ओळखायला शिकलेच नाही. थोरली जास्त प्रेमळ, धाकटी तुटक, असं मी आधी धरून चालले होते. तेही पुढं खोटं ठरलं. त्या दिवशी जिचं मन ठिकाणावर असेल ती प्रेमळ.

नव्वदच्या आसपास आम्ही पालघरजवळ कोळगावच्या बाजूला स्वतःचं लहानसं घर बांधलं आणि सरावली सुटली. सोनटक्क्याचे गड्डे मी गोणपाटात बांधून आणले. इथं मोरीचा चिखल नव्हता, म्हणून अंगणाच्या सखल कोपऱ्यात खड्डा केला, तळाला जुन्या ताडपत्रीचा तुकडा घातला, वर शेणखत आणि माती, आणि हातपंपाचं सांडपाणी तिकडं वळवलं. दर दोन-तीन वर्षांनी गड्डे एकमेकांत गुंतून वर यायला लागतात, तेव्हा उकरून वेगळे करते. मावश्यांची गाठ हळूहळू कमी झाली. माझी वाट बदलली, त्यांच्याही सुना हाताशी आल्या.

मग बऱ्याच वर्षांनी, पालघरच्या बाजारात, एका बाईनं माझा पदर ओढला. “गो बाय!”

मावशी. केस पिकलेले, पाठ वाकलेली. पुढ्यात सुकी मासळी, जवळा आणि करंदी. मी तिच्याजवळ खालीच बसले. दोघीही खूप बोललो, एकमेकींचं न ऐकता. मग मी विचारलं, “बहीण कशा आहेत?”

तिनं जवळ्यावर बसलेली माशी हाकलली. “ती नाय आता. शिमग्याच्या आधीच गेली.”

माझ्या मनात एकच प्रश्न आला आणि त्या प्रश्नाची मला लाज वाटली: कोण गेली? जिनं मला गड्डा दिला आणि आई गेल्यावर माझा हात धरला ती? का जिच्या तोंडावर मी दार लावलं होतं ती? समोर बसली होती ती कोण? हे मी तिला तोंडावर कसं विचारणार! इतकी वर्षं झाली तरी तू मला ओळखत नाहीस का, असं तिला वाटलं असतं, आणि ते खरंच होतं. मी तिच्या बोलण्यात काही सापडतं का बघत राहिले. ती म्हणाली, “झाडाचं काय? फुलतंय ना?” ते तर दोघींनाही माहीत होतं. म्हणाली, “लई आठवन काढायची तुझी.” ते दोघींपैकी कुणीही म्हणालं असतं.

मी तिचा हात धरला. तिनंही धरला. बाजार चालू होता, एका गिऱ्हाइकानं करंदीचा भाव विचारला आणि तिनं डाव्या हातानं खूण करून त्याला थांबवलं.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, “सातपाटीच्या मावशी गेल्या.”

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “अरेरे. कोणत्या?”

मी पिशवी तशीच हातात धरून उभी राहिले. “माहीत नाही,” म्हणाले.

ते पुढं काही विचारतील असं मला वाटलं, पण त्यांनी उठून मला खुर्ची दिली.